आचार्य प्रफुल्लचंद्र राय : रसायनशास्त्राचा इतिहास लिहिणारे शास्त्रज्ञ

लातूर-नांदेडच्या क्लासेसमध्ये आपली कितीतरी मुलं-मुली नीटसाठी रसायनशास्त्र घोकतात. पण या शास्त्राचा भारतातला इतिहास कुणी शोधला, हे त्यांच्या नोट्समध्ये सहसा नसतं. म्हणून आम्ही प्रफुल्लचंद्र राय यांची ओळख करून देत आहोत.

जन्म आणि तालीम
जन्म २ ऑगस्ट १८६१, खुलना भागातलं राडुली गाव (आता बांगलादेशात). वडील हरिश्चंद्र फारसीचे जाणकार होते. प्रफुल्लचंद्रांनी १८८७ मध्ये एडिंबरा विद्यापीठाची डीएससी मिळवली. १८८९ पासून ते कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवू लागले. मर्क्युरस नायट्राइटवरचं त्यांचं संशोधन जगभर गाजलं. ‘बंगाल केमिकल’ हा औषधांचा कारखानाही त्यांनीच उभा केला.

इतिहासाचं काम
फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बर्थेलो यांनी ग्रीक, सुर्यानी आणि अरबी किमयेचा इतिहास लिहिला होता. त्यांच्याच प्रोत्साहनाने राय यांनी जुन्या संस्कृत पोथ्या गोळा केल्या. ‘हिस्टरी ऑफ हिंदू केमिस्ट्री’चा पहिला खंड १९०२ मध्ये आणि दुसरा १९०९ मध्ये निघाला.

हा इतिहास एकट्या भारताचा नाही. बगदादच्या खलिफांच्या काळात चरक-सुश्रुतांचे ग्रंथ अरबीत गेले, याची नोंद राय यांनी घेतली. अल-बिरुनीने रसायनविद्येबद्दल लिहिलेलंही त्यांनी पुरावा म्हणून वापरलं. आपण सहज बोलतो तो ‘किमया’ हा शब्दसुद्धा अरबी ‘कीमिया’तून मराठीत आला आहे.

इल्म आणि हुनर
मग हे शास्त्र आपल्याकडे मागे का पडलं? राय यांचं उत्तर रोखठोक होतं. जातिव्यवस्थेने हाताचं काम हलकं ठरवलं. शिकलेले लोक भट्टीपासून दूर गेले आणि कारागिरांपर्यंत पुस्तक पोचलं नाही. विचार करणारं डोकं आणि काम करणारा हात यांची ताटातूट झाली.

हे समजायला लांब जायला नको. उदगीर-देगलूरच्या पलीकडे बिदर आहे. तिथले कारागीर जस्तात थोडं तांबं मिसळून भांडी ओततात. मग किल्ल्यातली माती आणि नवसागर लावून ती काळीभोर करतात. आपला कल्हईवालाही तापलेल्या भांड्यावर नवसागर टाकूनच कथील चढवतो. हे रसायनशास्त्रच आहे, पण त्याला आपण ‘शिकलेला’ म्हणत नाही.

साधी राहणी
गोखल्यांनी गांधीजींशी राय यांची ओळख करून देताना सांगितलं होतं, की हे आठशे रुपये पगारातले फक्त चाळीस स्वतःसाठी ठेवतात, बाकी लोकांच्या कामाला देतात. राय यांनी लग्न केलं नाही. साठी गाठल्यावर त्यांनी पुढचा सगळा पगार कोलकाता विद्यापीठाला दिला. १६ जून १९४४ रोजी सायन्स कॉलेजातल्या आपल्या खोलीतच त्यांचं निधन झालं.

आपल्या मुलांनी मार्क जरूर मिळवावेत. पण ज्या घरात वडील वेल्डिंग, रंगकाम किंवा कल्हई करतात, तिथल्या मुलाला त्या कामाची लाज वाटू नये. त्याच्या पुस्तकातलं रसायन त्याच्या अब्बांच्या हातात आहे, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं.