पांढऱ्या साडीचा पगार

‘परिचारिका’ हा मराठीतला देखणा शब्द. सरकारी पत्रकात दिसतो, भरतीच्या जाहिरातीत दिसतो. वॉर्डात मात्र ‘अहो परिचारिका’ अशी हाक मारलेली मी तरी ऐकली नाही. तिथं ‘सिस्टर’च. हा शब्द ख्रिस्ती जोगिणींकडून आला. त्यांच्यासाठी शुश्रूषा हे व्रत होतं, त्याला पगार नव्हता. शब्द राहिला आणि त्याच्यासोबत एक समजूतही राहिली, की सेवा करणाऱ्या बाईनं पैशांचं फार बोलू नये. आज मला पैशांबद्दलच बोलायचं आहे.

मुंबईचं कामा हॉस्पिटल १८८६ साली सुरू झालं, खास बायका-मुलांसाठी. तिथल्या पहिल्या प्रमुख डॉक्टर एडिथ पीची यांनी परिचारिकांच्या शिक्षणाचीही सोय केली. १८९१ साली शिकायला आलेल्या बाई काशीबाई गणपत यांचं नाव पहिल्या भारतीय शिकाऊ परिचारिका म्हणून घेतलं जातं. आडनाव नाही. गणपत हे वडिलांचं नाव की नवऱ्याचं, तेही त्यावरून कळत नाही.

पुण्यात १९०९ साली रमाबाई रानडे यांनी सेवासदन उभं केलं आणि तिथल्या बायका ससून रुग्णालयात नर्सिंग शिकू लागल्या. तेव्हाचं पुणं डोळ्यांपुढं आणा. पांढरपेशा घरातली विधवा परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावणार, त्याचं मलमूत्र काढणार, जात न विचारता पाणी पाजणार, आणि रात्र घराबाहेर काढणार! गहजब होणारच. पण मला वाटतं, लोकांचा खरा राग कामावर नव्हता. अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्याचं हेच सगळं ती बिनबोभाट करतच होती. आता ती त्याचे पैसे घेणार होती, आणि ते तिच्या हातात पडणार होते. दुखणं तिथं होतं. पडद्याच्या घरांत हा विचार आणखी उशिरा पोहोचला. आमच्या मोहल्ल्यातली पहिली मुलगी नर्सिंगला गेली, तेव्हा मी कॉलेजात होतो. ‘हिचं लग्न कसं जमायचं?’ यावर महिनाभर चर्चा झाली. पुढं तिच्याच पगारावर दोन भाऊ शिकले.

१९४६ साली भोर समितीचा अहवाल आला. साऱ्या देशात सुमारे सात हजार परिचारिका, म्हणजे ४३ हजार माणसांमागे एक. अपुरा पगार, राहायची गैरसोय, कामाचे लांबलचक तास, हे सगळं समितीनं तेव्हाच नोंदवलं होतं. १९४७ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. १९५४ मध्ये शेट्टी समिती झाली, १९८७ मध्ये आणखी एक उच्चाधिकार समिती. समित्यांची आपल्याकडं वाण कधीच पडली नाही.

परिषदेचा निकष साध्या इस्पितळातल्या सर्वसाधारण वॉर्डात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे. माझी अम्मी एका सरकारी इस्पितळात बारा दिवस होती. रात्रपाळीला दोन सिस्टर आणि साठेक पेशंट, त्यातले काही खाटांच्या मधे जमिनीवर. एक सिस्टर सलाइन बदलता बदलता उभ्यानं चहा पीत होती. कप ठेवायला जागा नव्हती म्हणून तो मी धरला.

आणि केईएमची गोष्ट कशी टाळणार? २७ नोव्हेंबर १९७३ रोजी ड्यूटी संपवून अरुणा शानबाग कपडे बदलायला तळघरात गेल्या आणि तिथं त्यांच्यावर हल्ला झाला. परिचारिकेला कपडे बदलायला तळघरात जावं लागत होतं, हे वाक्य मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा पुढं सरकत नाही. त्यानंतर मुंबईतल्या परिचारिकांनी काम बंद केलं आणि सुरक्षितता मागितली. हल्लेखोराला हल्ला आणि चोरी एवढ्यासाठी सात वर्षं झाली. अरुणाताई १८ मे २०१५ पर्यंत त्याच इस्पितळात होत्या. साडेएकेचाळीस वर्षं. त्यांना ज्यांनी कधी चालताबोलताना पाहिलं नव्हतं, अशा मुलींनी त्यांचं खाणंपिणं, अंग पुसणं, कूस बदलणं केलं. सर्वोच्च न्यायालयानं २०११ च्या निकालात त्यांचं मनापासून कौतुक केलं.

पगाराचा प्रश्न त्याच न्यायालयात पुन्हा पोहोचला, खासगी इस्पितळांच्या संदर्भात. २०१६ च्या निर्देशानंतर केंद्रानं समिती नेमली (पुन्हा समिती!). तिनं सांगितलं, पन्नास खाटांपर्यंतच्या इस्पितळातही महिना २० हजारांपेक्षा कमी देऊ नये. दोनशेपेक्षा जास्त खाटा असतील तर सरकारी परिचारिकेइतकाच पगार द्यावा. पण आरोग्य हा राज्यांचा विषय, त्यामुळे अंमल राज्यांवर सोडला गेला. केरळनं २०१८ मध्ये किमान वीस हजारांचा आदेश काढला. त्याआधी तिथल्या परिचारिका रस्त्यावर उतरल्या होत्या.