जकातीच्या कागदावरील चूक

जकातीचा नाका मुंबईकरांस नवा नाही. विक्रोळी ज्या साष्टी बेटावर वसली आहे ते पोर्तुगीजांच्या ताब्यात असताना, ठाण्याच्या नाक्यावर द्याव्या लागणाऱ्या करांविषयी मुंबईचे इंग्रज व्यापारी सदैव कुरकुर करीत. १७३७ साली ठाणे मराठ्यांनी घेतले, १७७४ साली ते इंग्रजांकडे गेले आणि बेटाबेटांमधील ही सरहद्द मिटली. आज विक्रोळीच्या कारखान्यासाठी परदेशातून यंत्राचा भाग मागविला, तर त्याची जकात न्हावा-शेवा बंदरात किंवा सहारच्या विमानतळावर भरावी लागते. आणि तेथे मालाआधी कागद तपासला जातो. आता कारकुनाने पाचशेच्या जागी पन्नास लिहिले, तर ती चूक म्हणावी की लबाडी?

१८७८ च्या ‘सी कस्टम्स ॲक्ट’ने मालाची खरी किंमत, परिमाण व वर्णन लिहून त्याच्या सत्यतेबद्दल सही करण्याचे बंधन मालकावर घातले. किंमत कमी लिहिल्याचा संशय आल्यास कलेक्टरास एक मौजेचा उपाय उपलब्ध होता. मालकाने लिहिलेली किंमत त्याच्या हाती ठेवून माल सरकारने घ्यावयाचा! शंभराच्या मालास चाळीस लिहिणाऱ्याने चाळीस घेऊन घरी जावे. लबाडास हा धडा उत्तमच. पण ज्याच्या हातून शून्य गळले त्यासही तोच धडा मिळण्याचा संभव होता. मुदतीच्या बाबतीत मात्र तो कायदा समदर्शी होता. कमी पडलेली जकात मागण्यास सरकारला तीन महिने, आणि चुकून जास्त भरलेली परत मागण्यास व्यापाऱ्यासही तीनच महिने.

हेतूचा प्रश्न पुढे जगभर विचारात आला. १९४७ च्या ‘गॅट’ करारात असे ठरले की, सहज दुरुस्त होण्यासारख्या व उघडपणे निर्हेतुक अशा कागदी चुकीस ताकीद देण्यापुरताच दंड असावा. भारत या कराराच्या मूळ सभासदांपैकी होता. अमेरिकेने १९७८ साली कायदा सुधारून निष्काळजीपणा, घोर निष्काळजीपणा व फसवणूक अशा पायऱ्या पाडल्या, आणि चौकशी सुरू झाल्याचे कळण्यापूर्वीच जो आपण होऊन चूक सांगेल त्याचा दंड पुष्कळ हलका केला.

आपल्या १९६२ च्या कायद्याने साध्या चुकीस सामान्यतः सहा महिने आणि जाणूनबुजून केलेल्या खोट्या निवेदनास पाच वर्षे, असा भेद केला. व्यापाऱ्यास परतावा मागण्यासही सामान्यतः सहाच महिने होते. कागद दुरुस्त करण्याची सोयही ठेवली; तथापि माल सुटल्यानंतर दुरुस्ती हवी असल्यास पुरावा माल सुटतेवेळी अस्तित्वात असलेलाच पाहिजे. ही अट मला रास्त वाटते, कारण मागाहून तयार केलेल्या बीजकास अंत नाही.

२०११ साली दोन्ही मुदती एक-एक वर्षाच्या झाल्या. याच वर्षी जकातीची आकारणी प्रथम आयातदारानेच करावी असे ठरले. म्हणजे चुकीचा भारही त्याच्याकडे आला. असे असता २०१६ साली सरकारची मुदत दोन वर्षे करण्यात आली आणि व्यापाऱ्याची एकच राहिली. जुन्या परक्या सरकारने पाळलेला समतोल असा आपल्याच राज्यात ढळावा, याचे समर्थन मला करता येत नाही.

२०२५ च्या वित्त कायद्याने कलम १८-अ घालून, माल सुटल्यावरही आपण होऊन निवेदन सुधारण्याची मुभा दिली आहे. जकात कमी भरली असेल तर ती व्याजासह भरावी. जास्त भरली असेल तर तीच सुधारणा परताव्याचा अर्ज समजली जाते. मात्र हिशेबतपासणीची किंवा झडतीची सूचना खात्याकडून एकदा आली, की ही मुभा राहत नाही.