भिंतीवरचं वेळापत्रक आणि पळून जाणारी मुलं: टॉलस्टॉयच्या शाळेतला एक आठवडा

आजचा भाग एका वेळापत्रकाबद्दल आहे. खरं सांगायचं तर ते वेळापत्रक मोडण्याबद्दल.

साल १८६१, हिवाळा. रशियात मॉस्कोच्या दक्षिणेला साधारण दोनशे किलोमीटरवर यास्नाया पोल्याना नावाचं गाव आहे. तिथे एका दुमजली दगडी घरात शाळा भरायची. जिन्याजवळची जागा मुलांच्या पायांना लागलेल्या बर्फाने आणि चिखलाने कायम मळलेली, आणि तिथेच भिंतीवर एक कागद लावलेला. सोमवार ते शनिवार, तीन वर्ग, बारा विषय. वाचन, लेखन, सुलेखन, व्याकरण, बायबलमधल्या गोष्टी, रशियाचा इतिहास, चित्रकला, भूमितीची रेखाटनं, गाणं, गणित, विज्ञानाच्या गप्पा आणि धर्मशिक्षण.

आपल्या शाळेत ऑफिसबाहेर लावायचे ना, अगदी तसाच कागद. फरक असा की हे वेळापत्रक रोज मोडायचं, आणि शाळा चालवणाऱ्या माणसाने ही गोष्ट लपवली नाही. उलट स्वतःच्या मासिकात छापून सगळ्यांना सांगितली.

तो माणूस म्हणजे लिओ टॉलस्टॉय. गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत ज्यांच्या नावाने 'टॉलस्टॉय फार्म' काढलं, तेच. पण पांढऱ्या दाढीचे आजोबा डोळ्यांसमोर आणू नका. तेव्हा ते ३३ वर्षांचे होते, लग्न झालेलं नव्हतं आणि 'वॉर अँड पीस' अजून लिहायची होती. १८५९ मध्ये त्यांनी आपल्या जमीनदारीच्या गावात शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा सुरू केली. मग १८६०-६१ मध्ये युरोपात फिरून तिथल्या शाळा पाहिल्या. जर्मनीत त्यांना दिसली घाबरलेली, मार खाणारी, पाठ केलेलं घडाघडा म्हणणारी मुलं. परत येताना डोक्यात एक गोष्ट पक्की झाली होती: आपल्या शाळेत सक्ती नको.

आता ही मुलं कोण होती, ते नीट समजून घेऊ. कारण खरी गोष्ट तिथे आहे.

रशियात १८६१ सालापर्यंत भूदासपद्धत होती. शेतकरी जमिनीला बांधलेला, जमीन विकली की तिच्यासोबत माणसंही नव्या मालकाकडे. त्या वर्षी झारने ही पद्धत रद्द केली. म्हणजे त्या हिवाळ्यात शाळेत बसलेली बहुतेक मुलं भूदास म्हणून जन्माला आलेली, आणि गावातल्या बहुतेकांचे मालक होते खुद्द टॉलस्टॉय! ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या 'हो मालक' एवढंच म्हणायची सवय, त्या घरातल्या मुलांना मालकाच्याच शाळेत 'नाही' म्हणायची मुभा मिळाली. ही साधी गोष्ट नव्हती.

रविवारचं प्लॅनिंग

शाळेत चार शिक्षक होते. ते रोजची डायरी लिहायचे. दर रविवारी एकत्र बसून गेल्या आठवड्यात काय झालं ते एकमेकांना सांगायचे आणि पुढच्या आठवड्याचा आराखडा करायचे. आमच्या ऑफिसात दर दोन आठवड्यांनी स्प्रिंट प्लॅनिंग होतं, साधारण तसंच. पण आमच्याकडे प्लॅन हलला की मीटिंग लागते. इथे प्लॅन हलणार हे आधीच धरलेलं, कारण तो मुलांच्या मागणीप्रमाणे बदलायचा होता.

सकाळ

आठच्या सुमारास घंटा व्हायची. शाळेतच राहणारे एक शिक्षक होते, त्यांच्याकडे काही मुलं रात्री झोपायला असायची. त्यांच्यातलाच एखादा जाऊन दोरी ओढायचा. गाव आणि शाळा यांच्यामध्ये एक घळ. घंटेनंतर अर्ध्या तासाने धुक्यातून मुलं दिसायला लागायची, दोघं-तिघं मिळून, नाहीतर एकेकटी.

हातात काही नाही. पुस्तक नाही, वही नाही, गृहपाठ तर नाहीच. काल शिकलेलं आज आठवलंच पाहिजे असंही बंधन नाही. उशीर झाला म्हणून कुणी ओरडत नसे, आणि गंमत म्हणजे मुलं उशिरा येतही नसत. घरी वडिलांनी कामाला अडकवून ठेवलेली मोठी मुलं तेवढी धापा टाकत पळत यायची.

पटावर चाळीसेक नावं होती, पण एका वेळी तीसच्या वर मुलं क्वचितच असायची. वय सात ते तेरा. मुली अगदी थोड्या. हिवाळ्यात दोन-चार मोठी माणसंही येऊन बसायची. जागा ठरलेल्या नव्हत्या. कुणी बाकावर, कुणी टेबलावर, कुणी खिडकीत, कुणी जमिनीवर.

शिक्षक वर्गात येतात तेव्हा जमिनीवर मुलांचा ढीग, एकमेकांच्या अंगावर. ते ओरडत नाहीत. कपाटाकडे जातात आणि पुस्तकं वाटायला लागतात. ढिगाच्या वरची मुलं तिथूनच पुस्तक मागतात. मग खालच्यांनाही राहवत नाही. थोड्या वेळात ढीग आपोआप विरघळतो आणि मघाशी मारामारी करणारी तीच मुलं तितक्याच जोशात वाचत असतात.

कागदावर दुपारपर्यंत चार तास असायचे. प्रत्यक्षात कधी तीन व्हायचे, कधी दोन. अंकगणिताने सुरू झालेला तास भूमितीत जायचा, बायबलच्या गोष्टीने सुरू झालेला व्याकरणात संपायचा. विषय रंगला तर एका तासाचे तीन तास. कुणी कंटाळला, तर बाकीचे त्याला लहान मुलांच्या वर्गात पिटाळायचे.

सगळे घरी पळतात तो दिवस

दुपारी दोनच्या सुमारास मुलं जेवायला घरी जायची आणि परत यायची. संध्याकाळी वाचन, गाणं, विज्ञानाचे प्रयोग, पार आठ-नऊ वाजेपर्यंत.

पण आठवड्यातून एक-दोनदा भलतंच व्हायचं. जेवणानंतर शिक्षक वर्गात येतात, आणि कुणीतरी ओरडतं, चला रे घरी! एक पळतो, मागून दुसरा. टोप्या घालून, बर्फावरच्या घसरगाड्यांवर उड्या टाकून सगळा वर्ग पसार.

शिक्षकाला काय वाटत असेल? टॉलस्टॉयनी ते मोकळेपणाने लिहिलंय: अपमान वाटतो. पण पुढे त्यांनी जो हिशोब मांडलाय, त्यासाठी मी हा भाग केलाय. हीच मुलं बाकीच्या दिवशी पाच-पाच, सहा-सहा, कधी सात तास बसतात. त्या बसण्याला किंमत कशामुळे आहे? उठून जाता येतं म्हणूनच. वर्षभरात असं एकदाही न घडणं बरं, की निम्म्याहून जास्त तासांना घडणं बरं, असं विचारलं तर आपण दुसरं निवडू, असं ते म्हणतात.

आमच्या भाषेत बोलायचं तर पळून जाणं हा त्यांच्यासाठी बग नव्हता, फीडबॅक होता. ज्या वर्गातून कुणाला उठताच येत नाही, तिथे सगळे गप्प बसलेत यावरून शिकवणं कसं चाललंय ते कळत नाही. हजेरी शंभर टक्के आणि माहिती शून्य.

म्हणीवरची गोष्ट

आता या मोकळिकीतून निघालं काय, तर एक उदाहरण सांगतो. एका रशियन म्हणीचा अर्थ असा, की चमच्याने भरवायचं आणि त्याच चमच्याच्या दांड्याने डोळा खुपसायचा. टॉलस्टॉयनी मुलांना या म्हणीवर गोष्ट लिहायला सांगितली. मुलांना ते अवघड वाटलं, म्हणून स्वतःच लिहायला बसले. मुलं मागे उभी राहून वाचायला लागली आणि मग चुका काढायला लागली! हा म्हातारा असं बोलणार नाही, इथे असं होणार नाही. फेद्का आणि स्योमका ही दोन मुलं तर सांगत सुटली. संध्याकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत मुलं सांगतायत आणि रशियातला नावाजलेला लेखक लिहून घेतोय.

पुढे ते कागद फाटले. टॉलस्टॉय बाहेर असताना पोरांनीच खेळण्यासाठी घेतले होते. मग फेद्का आणि स्योमकाने एका रात्री बसून गोष्ट परत लिहून काढली. टॉलस्टॉयनी १८६२ मध्ये यावर लेखच लिहिला. त्याच्या शीर्षकातला प्रश्न असा: लिहायला कुणी कुणाकडून शिकायचं, शेतकऱ्यांच्या मुलांनी आपल्याकडून की आपण त्यांच्याकडून?

मुलांवर सोपवलं आणि...

पण सगळं गोड गोड नव्हतं हं. शाळेत चोऱ्या झाल्या. पेन्सिली, पुस्तकं, प्रयोगाची एक बरणीसुद्धा गेली. चोर सापडल्यावर शिक्षा काय, हे मुलांवर सोपवलं. मुलांनी ठरवलं: कपड्यावर 'चोर' अशी चिठ्ठी शिवायची. शिवली. काही दिवसांनी त्यातल्या एकाने पुन्हा चोरी केली, पुन्हा चिठ्ठी.

या वेळी टॉलस्टॉयनी त्या मुलाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यांना तुरुंगातल्या कैद्यांचे चेहरे आठवले आणि स्वतःचीच लाज वाटली. त्यांनी ती चिठ्ठी फाडली आणि मुलाला म्हणाले, जा तुला हवं तिकडे.

'मुलांच्या कलाने शिक्षण' म्हटलं की हा प्रसंग आठवावा. निर्णय मुलांनी घेतला म्हणून तो योग्य ठरत नाही. तीस जणांचं बहुमतही एका मुलावर जुलूम करू शकतं. तिथे मोठ्या माणसाला मध्ये पडावं लागतं.

शेवट

जुलै १८६२. टॉलस्टॉय तब्येतीसाठी समाराच्या गवताळ प्रदेशात गेले होते. घरी बहीण आणि म्हाताऱ्या आत्या. पोलीस आले. शाळेत शिकवणारे विद्यापीठातले तरुण सरकारच्या डोळ्यांवर आले होते, आणि इथे गुप्त छापखाना असल्याचा संशय होता. डायऱ्या वाचल्या, पत्रं वाचली, तळ्यातसुद्धा शोधलं. छापखाना मिळाला नाही. टॉलस्टॉय इतके चिडले की त्यांनी थेट झारला पत्र लिहिलं.

सप्टेंबरमध्ये त्यांचं लग्न झालं, पुढच्या वर्षी 'वॉर अँड पीस'चं काम सुरू झालं आणि ही शाळा थांबली. पुढे १८७२ मध्ये त्यांनी मुलांसाठी 'आझबुका' म्हणजे अंकलिपी काढली, तीन वर्षांनी तिची सुधारित आवृत्ती आली. ती कित्येक पिढ्या चालली.

म्हणजे पोलिसांच्या छाप्याने हादरा बसला हे खरं, पण शाळा थांबली ती चालवणाऱ्याचं मन दुसरीकडे गेलं तेव्हा. मला हे जास्त टोचतं. टॉलस्टॉयनाही वर्गातून उठून जायची मुभा होती, आणि ते गेले. पण फेद्काला जवळपास दुसरी तशी शाळा नव्हती.

तर मंडळी, तुमच्या ओळखीत लहान मुलं असतील तर एकदा विचारून बघा: उद्या हजेरी नसली, मार्क नसले, तर कुठल्या तासाला तू तरीही बसशील? उत्तरं व्हॉइस नोट करून पाठवा, पुढच्या भागात ऐकू. तोपर्यंत, भेटूच!