लग्नाआधीचा कागद : जयंतीबाईंपासून हिंदू कोड बिलापर्यंत

‘लग्नात कसला आलाय करार? त्रिशरण-पंचशील घेतलं, प्रतिज्ञा झाली, संपलं.’ एका युवक शिबिरात आम्ही विवाहपूर्व कराराचा विषय काढला तेव्हा एका तरुण कार्यकर्त्याने आम्हाला हे ऐकवले. दुसरा म्हणाला, हे सिनेनटांचे आणि अमेरिकेतल्या कोट्यधीशांचे चोचले आहेत, आपल्याकडे वाटून घ्यायला आहेच काय? टाळ्या पडल्या. मागच्या रांगेत बसलेल्या दोन मुलींनी मात्र टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यातली एक सासरहून परत आलेली होती. तिच्या बापाने कर्ज काढून घेतलेले कपाट, भांडी आणि अडीच तोळे सोने सासरीच राहिले होते. ‘आहेच काय’ याचे उत्तर तिच्याकडे होते, पण तिला कुणी विचारले नाही. म्हणून हा लेख.

पहिली गोष्ट म्हणजे लग्न आणि मालमत्ता यांचा कागद आपल्या मातीला नवा नाही. रखमाबाईंचा खटला आपण सर्वांनी वाचलेला असतो. अकराव्या वर्षी लग्न लागलेल्या या मुलीने नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला. दादाजी भिकाजीने 1884 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. मार्च 1887 मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा असा हुकूम दिला आणि रखमाबाईंनी तुरुंग पसंत केला. हे आपण सांगतो. पण तिच्या आईची, जयंतीबाईंची गोष्ट आपण सांगत नाही.

जयंतीबाई ऐन तारुण्यात विधवा झाल्या. नवऱ्याची मालमत्ता त्यांच्याकडे आली होती. पुढे त्यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. सुतार जातीत पुनर्विवाहाला आडकाठी नव्हती. मग अडचण कुठे होती? अडचण 1856 च्या विधवा पुनर्विवाह कायद्यात होती. ज्या कायद्याचे गोडवे आपल्याला शाळेत शिकवले जातात, त्याच्याच दुसऱ्या कलमात लिहिले आहे की पुनर्विवाह करताच पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा विधवेचा हक्क संपेल, जणू ती मेलीच. जयंतीबाईंनी दुसऱ्या लग्नाआधीच ती मालमत्ता लेकीच्या नावे केली. शंभर-सव्वाशे वर्षांनी ज्याला वकील ‘विवाहपूर्व नियोजन’ म्हणू लागले, ते मुंबईतल्या एका बाईने तेव्हाच करून ठेवले होते. पुढे खटल्याच्या काळात दोन्ही बाजूंनी एकमेकांवर याच मालमत्तेवर डोळा असल्याचा आरोप केला. 1888 मध्ये दादाजीने दोन हजार रुपये घेऊन दावा सोडला. संस्कृती, धर्म, पतिव्रता यावर वर्तमानपत्रांतून रणे माजली, आणि शेवट झाला तो रोख रकमेवर.

जयंतीबाईंना निदान कागद करणे परवडले. बाकीच्या बायांचे काय? महाराष्ट्रातल्या कष्टकरी जातींत पाट होता, मोहतूर होता, काडीमोड होती. पंचांसमोर काडी मोडली की बाई मोकळी. ही काही स्वर्गीय व्यवस्था नव्हती, हे आम्ही मुद्दाम सांगतो. पंच पुरुषच असत, दंड बाईच्या माहेराकडून वसूल होई आणि पोरे बापाकडे राहत. तरीही बाहेर पडायला दार होते. इंग्रजी न्यायालयांनी काय केले पाहा. 1864 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने करसन गोजा आणि बाई रूपा यांच्या प्रकरणात ठरवले की नवऱ्याच्या संमतीविना बाईला दुसरे लग्न करू देणारी जातीची रूढी अवैध आहे. पुढे याच न्यायालयाने 1856 च्या कायद्याचे ते दुसरे कलम अशा जातींनाही लावले, ज्यांच्यात पुनर्विवाह आधीपासून चालत होता. अलाहाबाद न्यायालयाने याच्या उलट मत दिले, पण मुंबई इलाख्यातल्या शूद्र-अतिशूद्र विधवेला त्याचा काय उपयोग? ब्राह्मण विधवेला लग्नाची परवानगी देण्यासाठी केलेल्या कायद्याने आमच्या आजी-पणजीची जमीन काढून घेतली.

आणि करार केलाच, तरी तो टिकत नव्हता. 1901 मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयासमोर एक प्रकरण आले. नवऱ्याने लग्नापूर्वी लिहून दिले होते की तो बायकोच्या माहेरीच राहील. न्यायालय म्हणाले, हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे बायकोने नवऱ्याच्या घरी राहायचे असते, सबब करार रद्द. 1872 च्या करार कायद्यातले ‘सार्वजनिक धोरण’ म्हणजे कोणाचे धोरण, हे यावरून समजावे.

ही पार्श्वभूमी डोळ्यांपुढे ठेवून बाबासाहेबांचे हिंदू कोड बिल वाचले पाहिजे. 9 एप्रिल 1948 च्या भाषणात त्यांनी विधवेच्या ‘मर्यादित हक्का’वर आणि मुलीच्या वाट्यावर बोलताना हुंड्याचाही मुद्दा घेतला. मुलीला लग्नात दिलेली मालमत्ता विश्वस्त मालमत्ता समजावी, तिचा उपभोग मुलीसाठी व्हावा, ती अठरा वर्षांची झाली की तिला ती मागता यावी आणि नवऱ्याचा किंवा त्याच्या नातेवाइकांचा तिच्यावर हक्क नसावा, अशी ही तरतूद होती. घटस्फोटाला विरोध करणाऱ्या सनातन्यांना त्यांनी आठवण करून दिली की हिंदूंत बहुसंख्य असलेल्या शूद्रांत तो रूढीने आहेच.

आमच्या मते मर्म इथे आहे. बाबासाहेबांनी मुलीला ‘करार कर’ असा सल्ला दिला नाही. करार दोन बरोबरीच्या माणसांत होतो. अठरा वर्षांची मुलगी, कर्जात बुडालेला बाप आणि समोर मांडवात रुसून बसलेला वरपक्ष, यात कोण कोणाला अटी घालणार? म्हणून जे करारात यायला हवे ते त्यांनी सरळ कायद्यातच घातले.

चार कलमे संमत झाल्यावर बिल गुंडाळले गेले आणि 27 सप्टेंबर 1951 रोजी बाबासाहेबांनी राजीनामा दिला. 1955-56 मध्ये तुकडे करून चार कायदे आले. 1956 च्या वारसा कायद्याच्या कलम 14 ने स्त्रीला तिच्या मालमत्तेची पूर्ण मालक केले, हे मोठेच काम झाले. विश्वस्ताची कल्पना 1961 च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याच्या कलम 6 मध्ये उगवली. दुसऱ्याने घेतलेला हुंडा तीन महिन्यांत मुलीला द्यायचा, मुलगी अज्ञान असेल तर ती अठराची झाल्यावर, आणि तोवर विश्वस्त म्हणून सांभाळायचा. 1985 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रतिभा राणी खटल्यात सांगितले की स्त्रीधन सर्वस्वी स्त्रीचे आहे, ते अडवून ठेवणाऱ्यावर फौजदारी विश्वासघाताचा गुन्हा लागतो. (हे कायदे आपल्यालाही लागू आहेत. विवाह आणि वारसा कायद्यांत बौद्ध येतात, मग आपल्याला ते आवडो न आवडो.)

एक मोठे भगदाड मात्र तसेच आहे. लग्नानंतर दोघांच्या कष्टाने झालेले घर नवऱ्याच्या नावावर असेल, तर घटस्फोटात बायकोला पोटगी मागता येते, घराचा वाटा नाही. शेजारच्या गोव्यात पोर्तुगीज काळापासून चित्र वेगळे आहे. तिथे वेगळा करार केला नाही तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते आणि दोघांचा निम्मा हिस्सा असतो. वेगळे ठेवायचे असेल तर लग्नाआधी नोंदणी अधिकाऱ्यापुढे रीतसर लेख करावा लागतो. म्हणजे तिथे करार लागतो तो वाटणी नको असणाऱ्याला. आपल्याकडे नेमके उलटे आहे. नवऱ्याच्या मालमत्तेत पत्नीला वाटा देणारे विधेयक ऑगस्ट 2013 मध्ये राज्यसभेत संमत झाले आणि लोकसभा विसर्जित होताच बारगळले. त्यासाठी मोर्चा निघाल्याचे आम्ही पाहिले नाही, आणि आमच्या संघटनेनेही तो काढला नाही.

तोवर हाताशी आहे ते वापरू. 1985 च्या नियमांप्रमाणे लग्नात मिळालेल्या भेटींची लेखी यादी करायची असते. त्यात वस्तूचे वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव आणि नाते लिहायचे, वधू-वर दोघांनी सही करायची आणि वधूची यादी वधूने स्वतःजवळ ठेवायची. आम्ही ज्या लग्नात असतो तिथे प्रतिज्ञेनंतर लगेच ही यादी पुढे करतो. नवे घर किंवा खोली घेताना दोघांची नावे लावा असे सांगतो. वरपक्षाकडचे एखादे काका हमखास विचारतात, ‘विश्वास नाही का?’ आम्ही त्यांनाही साक्षीदार म्हणून सही करायला सांगतो.