सम्राट अशोक : शिलालेखांतील आणि ग्रंथांतील

सम्राट अशोकाची सर्वपरिचित कथा थोडक्यात अशी : तारुण्यात क्रूर असलेला, भावांचा घात करून सिंहासनावर बसलेला 'चंडाशोक' कलिंगाच्या रणभूमीवरील संहार पाहून व्यथित झाला आणि बौद्ध धर्माचा स्वीकार करून 'धर्माशोक' बनला. ही कथा इतकी सुसंगत वाटते की, ती एखाद्या प्राचीन साधनात सलग आली असावी असा समज होतो. प्रत्यक्षात तशी ती कोठेही नाही. तिचा आरंभ बौद्ध ग्रंथांतून आणि कलिंगाचा प्रसंग शिलालेखांतून घेतलेला असून, या दोहोंचा सांधा आधुनिक काळात जुळवला गेला आहे.

मौर्य वंशातील तिसरा राजा असलेल्या अशोकाचा राज्याभिषेक इ. स. पूर्व २६८च्या सुमारास झाला. त्याचे लेख अफगाणिस्तानातील कंदहारपासून कर्नाटकापर्यंत आणि गुजरातमधील गिरनारपासून ओडिशातील धौलीपर्यंत सापडले आहेत. बहुतेक लेख प्राकृत भाषेत व ब्राह्मी लिपीत आहेत. वायव्येस खरोष्ठी लिपी, तर कंदहार येथे ग्रीक आणि अरामी या भाषा आढळतात. महाराष्ट्रात सोपारा येथे १८८२मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना आठव्या शिलालेखाचा एक तुकडा मिळाला. पूर्वीचे राजे मृगयेसाठी बाहेर पडत, आपण मात्र धर्मयात्रा सुरू केल्या, असे या आठव्या लेखात राजा सांगतो.

कलिंगाच्या युद्धाची माहिती तेराव्या शिलालेखात आहे. राज्याभिषेकानंतर आठ वर्षांनी हे युद्ध झाले. त्यात दीड लाख लोकांना देशोधडीस लावण्यात आले, एक लाख मारले गेले आणि त्याच्या कित्येक पट लोक मृत्युमुखी पडले, असे स्वतः विजेता राजाच नमूद करतो व त्याबद्दल तीव्र खेद व्यक्त करतो. आपल्या विजयाची अशी नोंद ठेवणारा दुसरा राजा प्राचीन जगात शोधावा लागेल. तथापि याच लेखात अरण्यवासी जमातींना इशाराही आहे : राजाला पश्चात्ताप झाला असला तरी त्याच्यापाशी दंड देण्याचे सामर्थ्य आहे, हे त्यांनी विसरू नये. प्रत्यक्ष कलिंगात, म्हणजे धौली व जौगड येथे, हा तेरावा लेख कोरलेलाच नाही. तेथे त्याऐवजी अधिकाऱ्यांना उद्देशून स्वतंत्र लेख आहेत. सर्व प्रजा ही आपली अपत्ये असून कोणालाही विनाकारण बंदिवास वा छळ सोसावा लागू नये, अशी आज्ञा त्यांत आहे. जिंकलेल्या प्रजेसमोर हानीचे आकडे कोरणे राजाला प्रशस्त वाटले नसावे. पश्चात्ताप खरा असला, तरी तो कोठे जाहीर करायचा याचे भान राज्यकर्त्याने सोडलेले नव्हते.

बौद्ध ग्रंथांकडे वळल्यावर कलिंग पूर्णपणे नाहीसे होते. संस्कृतमधील 'अशोकावदान' आणि श्रीलंकेतील पाली 'महावंस' या दोन्ही ग्रंथांत अशोकाचे चरित्र विस्ताराने आले आहे; परंतु त्याच्या हृदयपरिवर्तनाचे कारण म्हणून या युद्धाचा उल्लेख दोहोंपैकी एकातही नाही. 'अशोकावदाना'त राजाच्या नरकतुल्य कारागृहात छळ सोसूनही अविचल राहिलेला समुद्र नावाचा भिक्षू त्याला सन्मार्गाला लावतो, तर 'महावंसा'त हे कार्य निग्रोध नावाचा बालश्रामणेर करतो. यामागील दृष्टी समजण्याजोगी आहे. ग्रंथकारांना संघाचा महिमा सांगायचा होता. राजा स्वतःच्याच विचाराने बदलला, तर भिक्षूला कार्य उरत नाही. आणि तो आरंभी जितका दुष्ट, तितका धर्माचा प्रभाव मोठा ठरतो.

म्हणूनच अशोकाने नव्याण्णव भावांना ठार केल्याचे 'महावंस' सांगतो. याउलट पाचव्या शिलालेखात राजा आपल्या भावाबहिणींच्या परिवारांत धर्ममहामात्र नेमल्याचे लिहितो. यावरून सिंहासनासाठी संघर्ष झालाच नाही असे ठरत नाही; पण नव्याण्णव हा आकडा कथेचा आहे, इतके निश्चित.

दोन्ही साधनांतील सर्वांत मोठी विसंगती आजीवक पंथाविषयी आहे. एका चित्रात बुद्धाचा अवमान झाल्यावरून अशोकाने पुंड्रवर्धन येथे एका दिवसात अठरा हजार आजीवकांची हत्या करवली, असे 'अशोकावदान' सांगते, आणि तेही श्रद्धेचा दाखला म्हणून. परंतु बिहारमधील बराबर टेकड्यांत ग्रॅनाइटमध्ये कोरलेल्या व आतून आरशासारखी चकाकी दिलेल्या गुहा आहेत. त्यांपैकी दोन गुहा प्रियदर्शी राजाने राज्याभिषेकानंतर बाराव्या वर्षी आजीवकांना दान दिल्याचे तेथील लेखच सांगतात. दुसऱ्याच्या पंथाची निंदा करणारा स्वतःच्याच पंथाची हानी करतो, असे बजावणारा बारावा शिलालेखही याच राजाचा आहे. आजीवकांच्या प्रश्नात दगडाची साक्ष अधिक विश्वसनीय मानावी लागते. ग्रंथातून दिसतो तो नंतरच्या काळातील पंथापंथांमधील वैरभाव.

राण्यांच्या बाबतीतही हाच प्रकार आहे. विदिशेची देवी, असंधिमित्रा, कुणालाचे डोळे काढवणारी तिष्यरक्षिता ही सर्व नावे ग्रंथांतील आहेत. शिलालेखांत एकाच राणीचे नाव येते : तीवराची माता कालुवाकी, जिच्या दानांची नोंद व्हावी अशी आज्ञा अलाहाबादच्या स्तंभावर आहे. संतोष सिवन यांच्या २००१च्या 'अशोका' चित्रपटात करीना कपूर यांनी रंगवलेली नायिका या एका नावावर उभी आहे. महेंद्र आणि संघमित्रा यांचा तर शिलालेखांत उल्लेखही नाही.

असे असले तरी ग्रंथांना बाजूला सारता येत नाही. कालांतराने ब्राह्मी लिपीचे ज्ञान लोप पावले. फिरोजशाह तुघलकाने चौदाव्या शतकात टोपरा आणि मेरठ येथील स्तंभ दिल्लीत आणून उभे केले. परंतु त्यांवर काय लिहिले आहे हे सांगू शकणारा कोणीही नव्हता. जेम्स प्रिन्सेप यांनी १८३७मध्ये ही लिपी उलगडली, तेव्हा 'देवानांप्रिय प्रियदर्शी' म्हणजे कोण, हा प्रश्न उभा राहिला. प्रिन्सेप यांना आरंभी तो श्रीलंकेचा राजा वाटला. जॉर्ज टर्नर यांनी 'दीपवंस' या पाली ग्रंथाच्या आधारे प्रियदर्शी म्हणजेच अशोक हे दाखवून दिले. अतिशयोक्तीने भरलेल्या ग्रंथपरंपरेनेच शिलालेखांतील राजाला त्याचे नाव परत मिळवून दिले. खुद्द लेखात 'अशोक' हे नाव १९१५मध्ये कर्नाटकातील मस्की येथे प्रथम आढळले. कर्नाटकातीलच कनगनहळ्ळी येथील स्तूपाच्या उत्खननात राजा-राणीचे एक शिल्प मिळाले असून, त्याखाली 'रायो असोको' अशी अक्षरे आहेत. अशोकानंतर काही शतकांनी घडवलेले हे शिल्प म्हणजे त्याचे समकालीन चित्र नव्हे. तरीही नावानिशी ओळख पटणारी त्याची अन्य प्राचीन प्रतिमा क्वचितच दाखवता येईल.

दिल्लीत आणलेल्या टोपरा स्तंभावरील सातवा लेख राज्याभिषेकानंतर सत्तावीस वर्षांनी कोरलेला आहे. पुराणांनी अशोकाला छत्तीस वर्षांचा राज्यकाल दिला आहे. या अखेरच्या दशकाविषयी शिलालेख मौन बाळगतात आणि तेथे केवळ साहित्य बोलते. 'अशोकावदाना'तील वृद्ध राजा संघाला इतके दान देतो की अमात्य आणि युवराज कोषागार बंद करतात. मग तो भोजनाची सुवर्णपात्रे देऊन टाकतो, त्यांच्या जागी आलेली रौप्यपात्रेही देतो. अखेर हाती अर्धा आवळा उरतो. आपली सत्ता आता एवढ्यावरच चालते, असे सांगून तो तोही कुक्कुटाराम विहारात पाठवतो आणि भिक्षू तो रश्शात घालून सर्वांना वाटतात. संपूर्ण जंबुद्वीपाच्या अधिपतीचे हे चित्रण इतिहास म्हणून सिद्ध करता येत नाही. पण सत्ता हातून निसटल्याचे इतके उघडे वर्णन राजप्रशस्तीत सापडणार नाही. सातव्या शतकात भारतात आलेल्या ह्युएनत्संगाने पाटलीपुत्राजवळ या आवळ्याच्या स्मरणार्थ उभारलेल्या स्तूपाची नोंद केली आहे.