देवचाफ्याचे गोत्र

आमच्या वसाहतीच्या फाटकाशी देवचाफ्याचे एक झाड आहे. वसाहत बंगळूरच्या दक्षिणेस, होसूर रस्त्यावरील इलेक्ट्रॉनिक सिटीत. माघात त्याची पाने झडून जातात आणि नुसती करडी, बोटे छाटल्यासारखी दिसणारी खोडे उरतात. मग पाने पुरती येण्याआधीच फुलांचे घोस लागतात. बदलीवर येथे आलो तेव्हा आपले म्हणावे असे पहिले ओळखीचे हेच भेटले. कोकणातल्या देवळापुढचा चाफा येथे काचेच्या इमारतींच्या सावलीत उभा पाहून बरे वाटले, आणि नुकत्याच शिकलेल्या कानडीच्या भरवशावर मी वसाहतीच्या माळ्याला म्हटले, ह्या संपिगेला आळे नीट नाही. संपिगे म्हणजे चाफा, एवढे मला ठाऊक होते. माळी हसला. "संपिगे अल्ल, सार्. देवकणगिले."

कणगिले म्हणजे कण्हेर. चाफ्याला कण्हेर म्हणणाऱ्या माणसाविषयी मी मनाशी जे म्हटले ते येथे लिहीत नाही. रात्री पुस्तक उघडले आणि ओशाळलो. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने माळ्याचे बरोबर होते, आणि माझे, म्हणजे आपणा समस्त मराठी भाषिकांचे, चूक होते.

हे प्रकरण तेवढ्यावर मिटले असते. पण त्याच सुमारास वसाहतीच्या मंडळाने ठराव केला की यापुढे आवारात देशी झाडेच लावावीत, आणि परदेशी झाडांपैकी जी कायद्याने काढता येतील ती परवानगी घेऊन काढावीत. (कर्नाटकात वृक्षरक्षणाचा कायदा १९७६ पासून आहे, उठले आणि कुऱ्हाड घातली असे येथे चालत नाही.) प्रत्येक झाडावर नाव व मूळस्थान लिहिलेली पत्र्याची पाटी लावायचे ठरले. गुलमोहर मादागास्करचा, जॅकरँडा व टॅबेबुया दक्षिण अमेरिकेचे, ह्यांविषयी वाद नव्हता. पाट्यांचा मजकूर तपासण्याचे काम, जुन्या कागदपत्रांची आवड असलेला माणूस म्हणून, माझ्याकडे आले. देवचाफ्याच्या पाटीवर लिहिले होते : मूळस्थान भारत.

चिटणीसांचा त्यात दोष नव्हता. ज्या फुलावाचून देवपूजा अडते, ज्याच्या नावातच देव आहे, ते झाड परके असेल हे कोणाच्या मनात येणार? परंतु ते परके आहे. प्लुमेरिया ही सारी प्रजातीच अमेरिकेची. तिच्यात जेमतेम दहाबारा जाती. मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागापर्यंत आणि कॅरिबियन बेटांत त्यांचे घर. कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीपूर्वी आपल्याकडे हे फूल कोणी हुंगले असेल, असे मानावयास आधार नाही. काही हौशी संशोधक जुन्या शिल्पांतील फुलांत देवचाफा पाहतात. पण पाच पाकळ्यांचे फूल दगडात उतरले की ते तगरीचे, कण्हेरीचे, की नुसते शिल्पकाराच्या मनातले, हे सांगण्याचे धाडस दगड स्वतः करीत नाही. आमच्यापासून जवळच बेगूर आहे. तेथील नागेश्वराच्या देवळातल्या, नवव्या शतकाच्या अखेरच्या वीरगळावर 'बेंगळूरु' हे नाव कोरलेले सापडते. म्हणजे हे नाव हजार वर्षांहून जुने. आणि ज्याला आपण देवळाचेच झाड समजतो ते त्या वेळी ह्या भूमीवर कोठेही नव्हते.

मेक्सिकोच्या नाहुआत्ल भाषेत त्याचे नाव काकालोशोचित्ल, म्हणजे कावळ्याचे फूल. काकालोत्ल म्हणजे कावळा. आपला 'काक' आणि हा 'काकालोत्ल' ऐकून ज्यांची लेखणी शिवशिवेल त्यांना एवढेच सांगणे की कावळा दोन्ही खंडांत सारखाच ओरडतो. त्यावरून अस्तेकांना आर्यावर्तातून नेऊन बसविण्याचे कारण नाही. १५५२ मध्ये, स्पॅनिशांच्या विजयाला एकतीस वर्षे झाली असता, त्लातेलोल्को येथील विद्यालयात मार्तीन दे ला क्रूझ नावाच्या एतद्देशीय वैद्याने आपल्या लोकांच्या औषधींचा एक ग्रंथ सांगितला आणि हुआन बादियानो ह्या त्याच्या देशबांधवाने तो लॅटिनमध्ये उतरविला. हा सचित्र ग्रंथ युरोपात गेला, शतकानुशतके तेथेच पडून राहिला, आणि १९९० मध्ये मेक्सिकोला परत मिळाला. त्यातील एक प्रकरण ह्या मासिकाच्या वाचकांनी जरूर पाहावे असे आहे. राज्यकारभार पाहणाऱ्या आणि सार्वजनिक अधिकारपद सांभाळणाऱ्या माणसांना जो शीण येतो त्यावरचा उपाय त्यात दिला आहे! जी सुगंधी फुले त्यासाठी गोळा करावीत त्यांत काकालोशोचित्ल आहे. उपचाराने थकवा तर जातोच, शिवाय भित्रेपणा जाऊन अंतःकरण बळकट होते, असे वैद्यबुवांचे आश्वासन. आपल्या सेवानियमांत अशी तरतूद नाही.

स्पॅनिशांबरोबर हे झाड पूर्वेकडे निघाले. १५६५ पासून १८१५ पर्यंत अकापुल्को ते मनिला अशी त्यांची गलबते चालत. फिलिपाइन्समध्ये ह्या फुलाला आजही कालाचुची म्हणतात. मूळ नाहुआत्ल नाव समुद्रापार जाऊन झिजले तरी ओळखू येते. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात अंबॉन बेटावर राहून तेथील वनस्पतींचे वर्णन लिहिणाऱ्या रुम्फियसच्या ग्रंथातही हे फूल आहे. कळीत पाकळ्या एकमेकींवर पिळून बसतात म्हणून त्याने त्याला 'गुंडाळलेले फूल' अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले. आशियात ते ह्याप्रमाणे बंदरांबंदरांतून पसरले. आणि गंमत अशी की ते जेथे गेले तेथे पवित्र ठरले. सिंहलात बुद्धापुढे, आपल्याकडे शंकरापुढे, आणि पश्चिम किनाऱ्यावर मुसलमानांच्या व ख्रिस्ती लोकांच्या थडग्यांवरही. उपटून टाकलेल्या फांदीलाही फूल येते, हे त्यामागचे एक कारण सांगतात. मरण न कबूल करणारे झाड कोणत्या धर्माला नकोसे होईल?

ह्या पाहुण्याला हाक कोणत्या नावाने मारायची, हा प्रश्न प्रत्येक भाषेपुढे आला असला पाहिजे, आणि मला खरे आकर्षण त्याच्या उत्तरांचे वाटते. मराठीने नाक पुढे केले. वास गोड, मंद, दाट. तेव्हा हा चाफा. आपला मूळ चाफा सोनचाफा, संस्कृत कवींचा चंपक, ज्याकडे भुंगा फिरकत नाही असा कविसंकेत आहे तो. पण मराठीने हे नाव मोठ्या सढळ हाताने वाटले. हिरवा चाफा सीताफळाच्या कुळातला, भुईचाफा हळदीच्या कुळातला, कवठी चाफा मात्र सोनचाफ्याचा खरा भाऊबंद. म्हणजे चाफा हे मराठीत झाडाचे नाव कमी आणि सुगंधाच्या एका घराण्याचे नाव अधिक. त्या घराण्यात देवचाफा, अथवा खुरचाफा, दत्तक आला. गुजरातीत चंपो आणि बंगालीत चांपा, तीही ह्याच रीतीने. कवी बी यांची 'चाफा' ही कविता वाचताना कोणाच्या डोळ्यांपुढे सोनचाफा असतो, कोणाच्या देवचाफा; आणि दोघांचेही काही बिघडत नाही.

दक्षिणेने नाक बाजूला ठेवून फांदी मोडून पाहिली. पांढरा चीक निघाला. चीक असलेले, लांब पानांचे, कळीत पिळलेल्या पाकळ्यांचे झाड म्हणजे कण्हेरीचे नातलग, असे तिने ठरविले. कानडीत देवकणगिले, तेलुगूत देवगन्नेरु, तामिळात पेरुमाळ अरळी : तिन्ही नावांचा अर्थ देवाची कण्हेर. सिंहलीत अरलिय, तोच शब्द. वनस्पतिशास्त्राने पुढे ह्या झाडाला ज्या कुळात घातले त्यात कण्हेर आहेच, शिवाय तगर, सदाफुली, सातवीण, करवंद आणि आजच्या वर्गीकरणाप्रमाणे रुईसुद्धा. सोनचाफा त्या कुळाच्या जवळपासही नाही. ज्या माळ्याच्या अज्ञानाची मला कीव आली होती त्याच्या भाषेने हे गोत्र शास्त्रज्ञांना न विचारता जुळविले होते. कानडीतही त्याला काडुसंपिगे म्हणणारे लोक आहेत, हे खरे. पण आमचा माळी त्यांतला नव्हे. आणि ज्या कोण्या पंडिताने त्याला क्षीरचंपक हे संस्कृत नाव दिले त्याने चीक आणि वास एका समासात बसवून दोन्ही पक्षांचे समाधान केले. ते नाव कानाला प्राचीन वाटते. असू मात्र शकत नाही, कारण झाडच प्राचीन नाही.

नावांची ही तफावत मला अधिक जाणवते ती ह्या शहरामुळे. रणदुल्लाखानाने १६३८ मध्ये केंपेगौडाकडून बंगळूर घेतले आणि ते शहाजीराजांकडे आले. त्यांच्या येथील दरबारी जयराम पिंड्ये आला, त्याने 'राधामाधवविलासचंपू' रचला, आणि राजवाड्यांनी १९२२ मध्ये तो प्रकाशात आणला. (चंपूचा चंपकाशी संबंध नाही, गद्यपद्यमिश्रित काव्याला चंपू म्हणतात.) त्या चंपूत एकाच दरबारात अनेक भाषांतली कवने ऐकू येतात. पुढे मराठी माणूस तंजावरपर्यंत गेला आणि राहिला. शब्द इकडून तिकडे किती गेले ह्याला गणती नाही. परंतु दारातल्या ह्या एका झाडाला आपण आपल्या नाकाने ओळखले, शेजाऱ्याने त्याच्या डोळ्यांनी.

लॅटिन नावांनी मात्र एक वेगळाच दुवा जोडून ठेवला आहे, आणि तो कळला तेव्हा मराठीची बाजू अगदीच लंगडी नाही असे वाटले. शार्ल प्लुमिए (१६४६–१७०४) हा फ्रेंच संन्यासी राजाज्ञेने तीनदा कॅरिबियन बेटांत वनस्पती शोधीत हिंडला. वनस्पतींच्या प्रजातींना विद्वानांची नावे देण्याची हौस त्याला मोठी. बेगोनिया, फुक्सिया ही नावे त्याचीच. माँपेलिएचे वनस्पतिज्ञ पिएर मान्योल यांच्या सन्मानार्थ त्याने १७०३ मध्ये एका प्रजातीला मॅग्नोलिया म्हटले. स्वतः प्लुमिएचे नाव त्याचा समकालीन तूर्नफोर याने एका चिकाळ, सुगंधी झाडाला दिले. लिनिअसने १७५३ मध्ये ते कायम केले, आणि ते झाले प्लुमेरिया. त्याच ग्रंथात लिनिअसने सोनचाफ्याला मिकेलिया चंपाका म्हटले होते. अलीकडच्या शास्त्रज्ञांनी मिकेलिया प्रजाती मोडून ती मॅग्नोलियात मिळविली. म्हणजे सोनचाफा आज जे प्रजातिनाम लावतो ते प्लुमिएने दिलेले, आणि देवचाफा जे लावतो ते प्लुमिएच्याच नावाचे. रक्ताचे नाते नाही; एकाच उपाध्यायाच्या वहीत दोघांची नोंद आहे, इतकेच.

बंगळूरला परक्या झाडांचे वावडे कधीच नव्हते. आज वसंतात ह्या शहरात एकामागून एक जी झाडे फुलतात त्या योजनेचे श्रेय बरेचसे गुस्टाव्ह क्रुम्बिगेल (१८६५–१९५६) ह्या जर्मन उद्यानतज्ज्ञाला देतात. तो १८९३ मध्ये हिंदुस्थानात आला तो सयाजीराव महाराजांच्या बडोद्यास. १९०८ मध्ये म्हैसूर संस्थानाने त्याला मागून घेतले. मराठी दरबाराचा माळी कानडी दरबाराकडे बदलून गेला, असे म्हणण्यास हरकत नाही. इलेक्ट्रॉनिक सिटी ही तर फार पुढची गोष्ट. कर्नाटक राज्य विद्युत्कणी विकास महामंडळ, म्हणजे किओनिक्स, १९७६ मध्ये निघाले. त्याचे पहिले अध्यक्ष रा. कृ. बाळिगा यांच्या कल्पनेतून कोणप्पन अग्रहार आणि दोड्ड तोगूर ह्या गावांच्या ३३२ एकरांवर १९७८ मध्ये ही नगरी आखली गेली. २०१० मध्ये तिच्यावर उंच पूल आला, २०२५ मध्ये मेट्रो. आता येथील कचेऱ्यांच्या कुंपणांशी प्लुमेरियाची आणखी एक जात ओळीने लावलेली दिसते. पान नागाच्या फणीसारखे, फूल शुभ्र, वास जवळजवळ नाही. रोपवाटिकेत तिला नागचंपा म्हणतात. आपल्याकडे नागचाफा म्हणजे नागकेशर, हे विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही ठाऊक नसते. पनामा-कोलंबियाकडच्या ह्या झुडपाने वासाचे प्रमाणपत्रही न दाखविता चाफ्याच्या घराण्यात प्रवेश मिळविला, ही गोष्ट मला तितकीशी आवडलेली नाही.

पाटीविषयी मी आठवडाभर काही लिहिले नाही. खरे लिहावे तर झाड यादीत जाणार, न लिहावे तर खोटे मूळस्थान माझ्या सहीने लागणार. शेवटी वरील हकीकत दोन पानांत लिहून मंडळापुढे ठेवली. सभेत बराच वेळ कोणी बोलले नाही. मग एका वृद्ध बाईंनी, ज्या रोज सकाळी परडीभर फुले नेतात, विचारले की मेक्सिकोतून आले ते केव्हा? सोळाव्या शतकानंतर, मी म्हटले. "मग आमच्या आधीच आले," त्या म्हणाल्या. त्या नेल्लूरच्या. चिटणीस धारवाडचे. झाड यादीतून वगळावे, पण पाटी दुरुस्त करावी, असे ठरले. आता तीवर कानडीत देवकणगिले आहे, त्याखाली माझ्या आग्रहास्तव नागरीत देवचाफा, आणि त्याखाली मूळस्थान मेक्सिको.

ह्या झाडाला आपल्याकडे शेंग क्वचितच धरते. फुलात मध नाही. रात्री वासाने फसून येणाऱ्या पतंगांवर त्याची भिस्त, आणि ते काम आपल्या बागांत सहसा सिद्धीस जात नाही. म्हणून देवचाफा बहुधा फांदी लावूनच वाढतो. देवळांपुढची, थडग्यांवरची बहुतेक झाडे अशी हातोहात दिलेल्या फांद्यांची झालेली आहेत. माझ्या बदलीचा हुकूम आला तेव्हा माळ्याने न सांगता हातभर लांबीची एक फांदी कापली, चीक गळून जाऊ दिला आणि जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. आठ दिवस सावलीत सुकू द्या, लगेच लावली तर कुजेल, असे त्याने बजावले. सामानाच्या यादीत ती 'देवकणगिले, नग १' अशी लिहिली आहे.