अवधानाचा वारसा

सोलापूर हे आवाजांचे गाव आहे. १८७७ साली येथे पहिली कापडगिरणी सुरू झाली आणि पुढे कित्येक पिढ्यांचे उठणे, जेवणे, निजणे गिरणीच्या भोंग्याने ठरविले. त्या जुन्या गिरण्या बंद पडल्या, त्यांचे भोंगे थांबले. पण पूर्व भागातील यंत्रमागांचा खडखडाट अजून कानी पडतो. त्या कल्लोळातही आपल्या मागाचा सूर बिघडला की जाणत्या विणकराचा हात आपोआप थांबतो. शिवाय एकाच गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलली जाणाऱ्या या शहरात शेजाऱ्याचे म्हणणे समजून घ्यायचे तर कान द्यावाच लागतो.

अशा गावात राहणाऱ्या आम्हा ख्रिस्ती माणसांना एक प्रश्न वारंवार सतावतो. आपण प्रार्थना करतो म्हणजे बहुतेक वेळा बोलतो. मागतो, आभार मानतो, क्षमा याचतो, जपमाळेचे मणी सरकवतो. पण आपण ऐकतो का? ऐकणे ही आपल्या भक्तीतली दुय्यम गोष्ट आहे, की तिचा पायाच आहे?

पवित्र शास्त्राचे उत्तर निःसंदिग्ध आहे. इस्राएली प्रजेच्या नित्य प्रार्थनेचा आरंभच मुळी ऐकण्याच्या आज्ञेने होतो. बाळ शमुवेलाला रात्री तीनदा हाक आली आणि तिन्ही वेळा ती वृद्ध एलीचीच आहे असे त्याला वाटले. ती कोणाची हे ओळखायला अखेर एलीनेच त्याला शिकविले. होरेब डोंगरावर एलियाला परमेश्वर वादळात, भूकंपात वा अग्नीत भेटला नाही. त्यानंतरच्या अगदी हळुवार आवाजात भेटला. विश्वास श्रवणाने येतो हे संत पौलाने रोमकरांना बजावून सांगितले. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी नियमावली लिहिली, तिचाही आरंभ ऐकण्याच्या आदेशानेच होतो. त्याच नियमावलीत मठाधिपतीला सांगितले आहे, की महत्त्वाच्या प्रसंगी सर्वांना बोलावून त्यांचे म्हणणे ऐकावे. कारण जे हिताचे आहे ते देव पुष्कळदा वयाने धाकट्यालाच सुचवितो. देवाचे ऐकणे आणि माणसाचे ऐकणे या दोन साधना वेगळ्या नाहीत, हे त्या संताने जाणले होते.

मराठी माणसाला हे नवे नाही. आमच्याच जिल्ह्यात पंढरपूर आहे. आषाढीच्या दिवसांत सोलापूरच्या रस्त्यांवरून दिंड्या जाऊ लागल्या की टाळमृदंगाचा नाद आमच्या घरांपर्यंत येतो. नवविधा भक्तीत श्रवणाला पहिले स्थान दिलेले आहे. ज्ञानेश्वरांनी आपल्या ग्रंथाच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे याचना केली ती अवधानाची. अवधान म्हणजे नुसते कानावर पडू देणे नव्हे. चित्त एकवटून ऐकणे. वक्त्याला श्रोत्याकडून मिळणारे ते दान आहे. या भूमीत ख्रिस्ताचे शुभवर्तमान आले तेव्हा त्याला असे कान भेटले. पण ते सांगणाऱ्यांना कान होते काय?

याचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला चार शतके मागे, गोव्यातील साष्टी प्रांतात जावे लागते. साष्टी आमच्यापासून दूर असली तरी अगदीच परकी नाही. सोळाव्या शतकात सोलापूरच्या किल्ल्यासाठी विजापूरची आदिलशाही आणि अहमदनगरची निजामशाही झुंजत होत्या. साष्टीही आधी त्याच आदिलशाहीकडे होती आणि १५४३ साली ती पोर्तुगीजांच्या हाती गेली. त्यानंतरचा तेथील इतिहास आम्हा ख्रिस्ती लोकांना मान खाली घालून वाचावा लागतो. १५६७ साली साष्टीतील देवळे पाडण्यात आली. १५८३ साली कुंकळ्ळी येथे पाच येशूसंघीय मारले गेले. नंतर गावच्या प्रमुखांना बोलणीसाठी म्हणून बोलावून कपटाने ठार करण्यात आले. दोन्ही बाजूंनी रक्त सांडले. कोणी कोणाचे ऐकावे असा तो काळ नव्हता.

याच काळात, याच साष्टीत, फादर थॉमस स्टीफन्स राहत होते. इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात सुमारे १५४९ साली जन्मलेले हे येशूसंघीय २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यात उतरले आणि १६१९ साली मृत्यू येईपर्यंत, म्हणजे सुमारे चाळीस वर्षे, येथेच राहिले. आल्यापासून त्यांनी लोकांच्या बोलण्याकडे कान लावला. १५८३ साली आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी नमूद केले, की येथील भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिन भाषांसारखी आहे. सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांच्या नात्याचा सिद्धांत मांडला तो १७८६ साली. दोन शतके आधी एका धर्मगुरूला हे नाते जाणवले, ते घराघरांतले बोलणे त्यांनी आदराने ऐकले म्हणून! लोकांच्या घरातील कोकणी भाषेचे त्यांनी व्याकरण रचले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १६४० साली छापले गेले. आणि लोकांच्या पोथीची भाषा जी मराठी, तिच्यात त्यांनी ख्रिस्तपुराण लिहिले.

या ग्रंथाच्या जन्माची कथा ग्रंथातच, पहिल्या अवस्वरूत, आलेली आहे आणि आमच्या विषयाचा गाभा तिच्यातच आहे. साष्टीतील एका चर्चमध्ये धर्मशिक्षण चालले असता नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीगुरूंना प्रश्न करतो. त्याच्या म्हणण्याचा आशय असा: तुम्ही मुलांना शिकविता ते चांगलेच आहे, पण आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आमच्या भाषेत दुसरे पुराण का देत नाही?

वाचकांनी या प्रश्नापाशी क्षणभर थांबावे. यात तक्रार आहे आणि भूकही आहे. संध्याकाळी दिवा लागल्यावर पोथी ऐकत बसणारा हा समाज. त्याची पोथी काढून घेतली गेली आणि ती जागा रिकामी राहिली. मिस्सा लॅटिनमध्ये, धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरे पाठ म्हणायची. मन रमवून ऐकावे असे काहीच उरले नाही. सत्ताधाऱ्यांच्या छत्राखालच्या गुरूला या प्रश्नाकडे काणाडोळा करणे सहज शक्य होते. प्रश्न विचारणाऱ्याच्या श्रद्धेवर शंका घेणेही शक्य होते. स्टीफन्स यांनी तसे केले नाही. त्यांनी तो प्रश्न मनात ठेवला आणि त्याला उत्तर म्हणून सुमारे अकरा हजार ओव्या रचल्या. पहिल्या पुराणाचे ३६ आणि दुसऱ्याचे ५९ अवस्वरू. जगाच्या उत्पत्तीपासून प्रभू येशूच्या स्वर्गारोहणापर्यंतची सारी कथा त्यांत आली. १६१६ साली राचोल येथे ग्रंथ रोमन लिपीत छापला गेला. ओवीची लय कोणाही परदेशी माणसाला केवळ कागदावरून साधणे कठीण. ती त्यांनी लोकांच्या तोंडून ऐकून आत्मसात केली असावी, असे आम्हांस वाटते. मराठी ख्रिस्ती साहित्याचा हा आद्य महाग्रंथ अशा रीतीने एका प्रश्नातून आणि तो नीट ऐकून घेण्यातून जन्मला.

हा ग्रंथ जगला तोही श्रवणावरच. रविवारी व सणांच्या दिवशी तो चर्चमध्ये वाचला जाई आणि लोक बसून ऐकत. पुढे सत्तेचे कान पुन्हा बंद झाले. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढून लोकांनी आपली भाषा सोडावी व तीन वर्षांत पोर्तुगीज शिकावी असा हुकूम दिला. ख्रिस्तपुराणाच्या १६१६, १६४९ आणि १६५४ या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ उरला तो भाविकांनी हाताने उतरवून घेतलेल्या प्रतींत. १७८४ साली टिपू सुलतानाने मंगळूरकडील ख्रिस्ती लोकांना बंदी करून श्रीरंगपट्टणला नेले, त्या काळात धर्मगुरू नसताना या पुराणाच्या ओव्यांनीच त्यांना धीर दिला, असे परंपरा सांगते. १९०७ साली जोसेफ सालढाणा यांनी मंगळूरहून हस्तलिखितांच्या आधारे आणि १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून देवनागरीत त्याची आवृत्ती काढली. छापखान्याने जे गमावले ते ऐकणाऱ्यांनी राखले.

आमच्या भागातील ख्रिस्तसभेचा इतिहास त्या मानाने अलीकडचा. पुणे धर्मप्रांत १८८६ साली स्थापन झाला आणि सोलापूर त्यात आले. १८६० च्या सुमारास रेल्वे येथवर पोहोचली होती. रेल्वेने आणि गिरण्यांनी दूरदूरची माणसे या गावात आणली. त्यांच्या मिस्साबलिदानाची भाषा मात्र कित्येक दशके लॅटिनच होती. डिसेंबर १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केला आणि लोकभाषेला वेदीजवळ येण्याची वाट मोकळी झाली. साष्टीतल्या त्या ब्राह्मणाने जे मागितले होते ते साऱ्या जगाला मिळाले.

परंतु भाषा मिळाली म्हणून अवधान मिळतेच असे नाही. आमचाच अनुभव सांगतो. आमच्या वस्तीत एक वृद्ध गिरणी कामगार होते. गिरणी बंद पडल्यावर मिस्सा संपली की चर्चच्या पायरीवर ते आम्हांला गाठत आणि तीच हकीगत पुन्हा सांगत: कोणत्या खात्यात काम केले, शेवटच्या पाळीला कोण कोण होते, किती देणे बुडाले. आम्ही होय होय म्हणत घड्याळाकडे पाहत असू. कधी धीराचे चार शब्द सांगून निरोप घेत असू. ते गेल्यानंतर आम्ही सांत्वनाला गेलो, तेव्हा त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "तुम्ही सगळे त्यांना समजावून सांगत होता. ऐकून मात्र कोणी घेतलं नाही." त्या रविवारचे शुभवर्तमान कोणते होते ते आम्हांला आठवत नाही, पण पायरीवर उभा असलेला आमचा प्रभू आम्ही ऐकला नाही, एवढे मात्र आठवते.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली देवशब्दाचा रविवार सुरू केला आणि २०२१ ते २०२४ या काळात सिनॉडच्या निमित्ताने साऱ्या ख्रिस्तसभेला परस्परांचे ऐकायला बोलाविले. ही दोन पावले एकाच वाटेवरची आहेत. वेदीवरून वाचले जाणारे वचन आणि पायरीवरून सांगितली जाणारी व्यथा, दोहोंना एकच कान लागतो.

त्यासाठी मोठ्या साधनेची गरज नाही. घरी संध्याकाळच्या जपमाळेनंतर कोणी एकाने शुभवर्तमानातील एक उतारा सावकाश वाचावा, इतरांनी पुस्तक मिटून तो ऐकावा आणि नंतर थोडा वेळ कोणीच बोलू नये. मग त्या दिवशी घरातल्या ज्या माणसाचे बोलणे अर्धवट तोडले असेल, त्याला ते पूर्ण करू द्यावे. बहुधा ते घरातले वडीलधारे असेल, नाहीतर सर्वांत धाकटे मूल. साष्टीतल्या त्या श्रोत्याचे नाव इतिहासाने राखलेले नाही. त्याचा प्रश्न तेवढा राहिला, कारण कोणीतरी तो ऐकला. आपल्याही घरी, आपल्याही धर्मग्रामात असा एखादा प्रश्न कोणी विचारीत असेल. आपण थांबून तो ऐकावा, हीच प्रार्थना.